तारीख कोणी मागितली? (वकीलसाहेबांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

वकीलसाहेब, प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, तर उत्तरही जरा ऐसपैस देतो. अमेरिकेत ज्यूरीपुढचे फौजदारी खटले लांबतात, यावरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. ७० दिवसांत खटला उभा राहिला नाही म्हणून खुनी सोडायचा का? आणि तारखा मागतात आरोपीचेच वकील, मग विलंबाच्या नावाने गळाही तेच काढतात. वर टोला, की लेखकाने कोर्टाची पायरी चढलेली दिसत नाही.

चढलोय. कॅलिफोर्नियात, ज्यूरीचं बोलावणं आलं म्हणून. सकाळी पावणेआठपासून छातीला बिल्ला लावून शंभरेक माणसांत बसलो. साडेअकराला एक बाई आल्या, खटला पुढे गेलाय म्हणाल्या, घरी जा. का गेला ते सांगितलं नाही. शेजारचा रंगारी बुडालेल्या रोजावरून चरफडत होता.

लेख त्याच चिडीत लिहिला, आणि '७० दिवसांत खटला झालाच पाहिजे' असं ठोकून दिलं. ते चुकलं. १९७४ च्या तिथल्या 'स्पीडी ट्रायल अ‍ॅक्ट' या कायद्यातली ही मुदत फक्त केंद्रीय कोर्टांपुरती आहे, आणि तिचं घड्याळ मध्येमध्ये थांबतं. अर्जावर सुनावणी बाकी असली, आरोपीची मानसिक तपासणी चालू असली, की ते दिवस धरत नाहीत. तो परिच्छेद आज बदलला.

पण 'खुनी सुटतो' हे मान्य नाही. त्या कायद्याची मुदत उलटून खटला रद्द झाला, तरी तो पुन्हा भरण्याची मुभा न्यायाधीश ठेवू शकतात, आणि ती ठेवायची की नाही हे ठरवताना गुन्हा किती गंभीर आहे हे त्यांना बघावंच लागतं. हमखास कायमचा रद्द होतो तो अमेरिकी घटनेच्या सहाव्या दुरुस्तीतला लवकर खटल्याचा हक्क मोडल्याचं सिद्ध झालं तर. ते किती अवघड आहे ते बार्करला विचारा.

केंटकी, जुलै १९५८. एका वृद्ध दांपत्याचा खून, आरोपी दोन, मॅनिंग आणि बार्कर. सरकारी वकिलांना आधी मॅनिंगला दोषी ठरवून मग त्याचीच साक्ष बार्करविरुद्ध वापरायची होती. मॅनिंगचा खटला सहा वेळा चालवावा लागला. तोवर बार्करच्या खटल्याला तारखाच तारखा, एकूण १६. तारखा मागणारं सरकार, हे तुमच्या दुसऱ्या आक्षेपासाठी लक्षात ठेवा. पहिल्या अकरा अर्जांना बार्करने हूं की चूं केलं नाही. मॅनिंग सुटला तर आपणही सुटू, हा जुगार. डाव उलटतोय असं दिसल्यावर, १९६२ मध्ये, त्याला हक्क आठवला! ऑक्टोबर १९६३ मध्ये खटला चालला आणि जन्मठेप झाली.

१९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चार गोष्टी तपासल्या: विलंब किती, कारण काय, आरोपीने हक्क कधी मागितला, त्याचं नुकसान काय झालं. पाच वर्षांचा विलंब असूनही बार्कर हरला, कारण त्याला खटला लवकर नकोच होता. म्हणजे आरोपीच्या ज्या लबाडीवर तुमचा राग आहे, तिचा हिशेब तिथे होतोच. आपल्याकडे अंतुलेंच्या खटल्यात घटनापीठाने याच निकालाचा आधार घेतला आणि ठरावीक मुदत घालायला नकार दिला, हे तुम्हाला मी सांगायला नको.

१९७४ च्या कायद्यातलं मला सगळ्यात आवडलेलं कलम मात्र लेखात राहूनच गेलं. न्यायहितासाठी म्हणून तारीख देऊन ते दिवस वगळायचे असतील, तर न्यायाधीशाला कारणं नोंदवावी लागतात, आणि कोर्टावर कामाचा बोजा आहे हे सर्वसाधारण कारण चालत नाही. रोजनाम्यात 'तहकूब' एवढा एक शब्द वाचण्यात आपली हयात गेली, तुमची तर माझ्याहून जास्त.

पीडितांचं काय, असंही शेवटी विचारलंत. अवाजवी विलंब न होण्याचा हक्क तिथल्या केंद्रीय कायद्याने २००४ मध्ये त्यांनाही दिला. तेव्हा लवकर खटला हे आरोपीचे लाड, असं मांडू नका. बार्करच्या खटल्यात उशीर आरोपीला हवा होता, सरकारलाही हवा होता. त्या दांपत्याच्या माणसांना कोणी विचारलं असेल, असं मला वाटत नाही.