‘मुळात निष्क्रिय असलेल्या सिलिकोनवर थर कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सिस्टर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. उत्तराला उशीर झाला, कारण त्यातला एक मुद्दा मला लागला आणि तो लागायलाच हवा होता. मूळ लेख न वाचता इथवर आलेल्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. सिलिकोन शरीराला आधीच चालतं, मग त्यावर दुसऱ्या पॉलिमरचा थर चढवायचा नसता उद्योग कशाला? तो थर सुटला तर शरीरातच जाणार. आणि ‘प्लाझ्मा दिला, पाण्याचा थेंब पसरला, पृष्ठभाग सुधारला’ (हा प्लाझ्मा म्हणजे विजेने भारित केलेला वायू, रक्तातला नव्हे) हे माझं वाक्य प्रयोगशाळेत ठीक आहे, वॉर्डात रोज कॅथेटर, म्हणजे शरीरात घातलेली नळी, सांभाळणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे चूक माझी आहे.

सिलिकोनच्या स्वच्छ पट्टीवर पाण्याचा थेंब ठेवला की तो मण्यासारखा उभा राहतो. त्याचा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, साधारण 105 ते 110 अंश भरतो. तीच पट्टी मिनिटभर ऑक्सिजन प्लाझ्मात ठेवून बाहेर काढली की थेंब टेकताक्षणी पसरतो, इतका की कडा शोधावी लागते. लेखात मी इथेच थांबले. पण ती पट्टी झाकून ठेवली आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा थेंब सोडला, तेव्हा तो परत फुगून बसला. हे मी पाहिलं होतं आणि लिहिलं नव्हतं.

असं का होतं, तर सिलिकोन हाताला घट्ट लागत असलं तरी आतल्या रेणूंच्या लांब साखळ्या स्वस्थ नसतात. त्या गोठायला सुमारे उणे 125 अंश सेल्सिअसपर्यंत खाली जावं लागतं. शरीराच्या तापमानाला त्या सतत वळवळत असतात. प्लाझ्माने वर तयार केलेले हायड्रॉक्सिल गट (पाण्याला ओढणारे अणूंचे गट) हळूहळू आत वळतात आणि जाळ्यात न गुंतलेल्या आखूड साखळ्या आतून वर येऊन पसरतात. प्लाझ्मा जास्त वेळ दिला तर आणखी वाईट: वर काचेसारखा कडक पापुद्रा बनतो, नळी वाकवली की त्याला तडे जातात आणि त्या तड्यांतून आखूड साखळ्या आणखी लवकर वर येतात. म्हणजे नुसता प्लाझ्मा ही जमिनीची मशागत आहे. पेरणी त्या ताज्या पृष्ठभागावर लगेच करावी लागते. लेखातलं ते वाक्य मी बदललं आहे.

पण ‘सिलिकोन शरीराला चालतं, मग थर कशाला’ हे मला मान्य नाही. चालतं याचा अर्थ ते विषारी नाही, पेशींना इजा करत नाही. त्याला काही चिकटत नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. रक्तात किंवा लघवीत गेल्यावर अगदी थोड्या वेळात त्यावर प्रथिनं बसतात, त्या थरावर जीवाणू पाय रोवतात. पुढचं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहे. प्रोटिअस मिराबिलिस हा जीवाणू असला की त्याचं युरिएज हे विकर लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतं, सामू (pH) चढतो आणि स्ट्रुव्हाइट या खनिजाचे व कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक जमू लागतात. काढलेला कॅथेटर बोटांत फिरवला की आत वाळू असल्यासारखं करकरतं, ती वाळू हीच. निव्वळ सिलिकोनचा कॅथेटर लेटेक्सच्या मानाने उशिरा तुंबतो, पण त्यात आतली पोकळी मोठी असण्याचा मोठा वाटा आहे. स्फटिक सिलिकोनलाही सोडत नाहीत.

शिवाय पृष्ठभाग बदलल्यामुळेच वापरण्याजोगी झालेली वस्तू अनेकांच्या डोळ्यांत रोज असते. सिलिकोन हायड्रोजेलच्या (पाणी शोषून धरणाऱ्या मऊ पदार्थाच्या) कॉन्टॅक्ट लेन्स 1990 च्या दशकाच्या अखेरीस आल्या. सिलिकोनमधून ऑक्सिजन उत्तम जातो, पण त्याच्या कोरड्या, तेलकट पृष्ठभागावर अश्रूंचा पडदा टिकत नाही. पहिल्या लेन्सवर म्हणून प्लाझ्माची प्रक्रिया करावी लागली. नंतरच्या काहींमध्ये पाणी धरणारं पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन हे पॉलिमर आतच मिसळलं.

थर सुटण्याची तुमची भीती मात्र अगदी रास्त आहे. रक्तवाहिनीत घालायच्या साधनांवरचं बुळबुळीत कोटिंग सुटण्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने) 2015 मध्ये जाहीर सूचना काढली होती. सिलिकोनवर तर हे आणखी अवघड, कारण त्याला मुळात काही चिकटायलाच तयार नसतं. वरून लावलेलं हायड्रोजेल पाण्यात फुगतं, खालचं सिलिकोन फुगत नाही, आणि ओढाताण नेमकी दोघांच्या सांध्यावर येते. फोलीचा (लघवीच्या नळीचा, तिला मूत्राशयात अडकवून ठेवणारा) फुगा भरताना हेच डोळ्यांसमोर आणा: खालचं रबर कितीतरी पट ताणलं जातं, वरच्या थराने काय करायचं? पॅरिलीन नावाच्या प्लास्टिकचा थर वायूतून बसतो, एकसारखा बसतो, पण तो ताठ असल्याने अशा ताणाला तडकतो.

म्हणून मी लेपण्यापेक्षा रुजवण्याच्या बाजूची आहे. सिलिकोन बेन्झोफिनोन या प्रकाशाने जागं होणाऱ्या रसायनाच्या द्रावणात बुडवलं की ते थोडं आत मुरतं. मग मोनोमरच्या (साखळीच्या सुट्या कड्यांच्या) पाण्यात ठेवून अतिनील प्रकाश दिला की साखळ्या सिलिकोनला रासायनिक बंधाने जोडलेल्याच वाढतात, काहींची मुळं तर पृष्ठभागाच्या किंचित खाली असतात. वाढवायचं काय, यात माझी पसंती झ्विटरआयनिक पॉलिमरना, म्हणजे एकाच घटकावर धन आणि ऋण दोन्ही भार असलेल्यांना. जपानमध्ये काझुहिको इशिहारा यांनी पेशीच्या पटलावरून घेतलेल्या फॉस्फोरिलकोलीनवर यातलं मोठं काम केलं. हे भार पाणी इतकं घट्ट धरून ठेवतात की प्रथिनाला टेकायला पृष्ठभागच मिळत नाही. पॉलिइथिलीन ग्लायकॉलही हे करतं, पण कालांतराने त्याचं ऑक्सिडीकरण होतं.

तरीही रुजलेला थर रुग्णाला उपयोगी पडेलच असं नाही. चांदीच्या मिश्रधातूचं कोटिंग असलेल्या कॅथेटरची सात हजारांहून जास्त रुग्णांवरची ब्रिटनमधली चाचणी 2012 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. थोड्या दिवसांच्या वापरात लक्षणं दिसणारा संसर्ग त्याने कमी झाला नाही. चांदीच्या त्या नळ्या लेटेक्सच्या होत्या, पण धडा सिलिकोनलाही लागू आहे: काचेच्या ताटलीत जीवाणू मरणं वेगळं आणि माणसाचा ताप टळणं वेगळं. यापुढे कुठल्याही कोटिंगबद्दल लिहिताना इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक केल्यावर, ताणून सोडल्यावर आणि 37 अंशांना कित्येक आठवडे कृत्रिम लघवीत ठेवल्यावर काय उरतं, ते आधी लिहीन. थेंबाचा फोटो त्यानंतर.

आता मला तुमच्याकडून एक हवं आहे. कॅथेटरच्या टोकाजवळची छिद्रं पाडताना कड खरबरीत राहते, आणि थर आधी चढवून छिद्र मागाहून पाडलं तर ती कड उघडीच राहते. तुम्ही काढलेल्या नळ्यांमध्ये ती वाळूसारखी खर आधी त्या कडेला धरलेली दिसते, की आतल्या पोकळीत? लक्षात असेल तसं लिहा.