मोजायला कोणीतरी हवं

सायकलवरून पडले आणि नडगीच्या हाडाचा माथा फुटला. गुडघा ज्यावर विसावतो तो सपाट भाग, बाहेरच्या बाजूने. डॉक्टर त्याला टिबिअल प्लॅटो म्हणतात. प्लेट आणि स्क्रू बसले. मी परदेशात एकटीच राहते, पण माझा गुडघा पुढचे तीन महिने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुक्कामाला होता.

तिथे लगेच दोन तट पडले. आई आणि आत्या एकीकडे: "हाड जुळेपर्यंत हलवू नकोस गं, चालायला आयुष्य पडलंय." काका दुसरीकडे: "तिकडे दुसऱ्या दिवशी चालवतात! लोळत ठेवायची सवय आपल्याकडेच." मला कोणी विचारलं नाही. वाद माझ्या पायावरून होता, पण खरा विषय 'तिकडचं चांगलं की आपलं' हाच होता.

काका, दुसऱ्या दिवशी, कधीकधी त्याच दिवशी, चालवतात ते गुडघा बदलल्यावर. धातूचा नवा सांधा लगेच भार पेलतो. माझ्या गुडघ्यात तुकडे जागेवर बसवून नुसते धरून ठेवलेत. वेळेआधी अंगाचं वजन टाकलं तर ते खचू शकतात, आणि सांध्याचा पृष्ठभाग खचला की पुढे झीज आणि संधिवात. म्हणून दहा आठवडे पाऊल जमिनीला फक्त टेकवायचं होतं, भार सगळा कुबड्यांवर. गुडघ्याची वाटी फुटली असती तर हिशेब जवळपास उलटा झाला असता. पट्ट्यात पाय सरळ ठेवून चालायला बरेचदा लवकर परवानगी मिळते, जपावं लागतं ते वाकवताना, कारण तेव्हा मांडीचा स्नायू वाटीचे तुकडे ओढतो. एकाच गुडघ्याची दोन फ्रॅक्चरं आणि नियम इतके वेगळे! 'तिकडे असं करतात' या वाक्यात नेमकं काय मोडलंय हेच नसतं.

आता आई. भार टाकायचा नाही म्हणजे हलवायचं नाही, असं नाही. हाडाला जपणूक हवी, सांध्याला हालचाल. कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, सांध्यातला द्रव फिरला तरच तिचं पोषण होतं. आणि मांडीचा स्नायू तर फारच लवकर रुसतो. शस्त्रक्रियेनंतर मी पाय सरळ उचलायला गेले तर तो उचललाच गेला नाही. दुखणं तसं सोसण्यासारखं होतं, पण हुकूमच पोहोचत नव्हता. गुडघ्यात सूज असली की मज्जासंस्थाच त्या स्नायूला आवरून धरते, हे नंतर फिजिओने सांगितलं. मग गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाच सेकंद धरायची, सोडायची. इतकं क्षुल्लक काम, आणि घाम फुटायचा.

आत्याने प्रेमाने सांगितलं होतं, गुडघ्याखाली उशी घेऊन झोप. फार बरं वाटतं, खरं आहे, पण तीच सवय झाली तर गुडघा अर्धवट वाकलेलाच आखडतो आणि माणूस लंगडत राहतो. उशी घ्यायचीच तर टाचेखाली. (आणि पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर ती चोळायची नाही, तडक डॉक्टरांना गाठायचं. रक्ताची गुठळी असू शकते.)

बरं, विश्रांतीचा आग्रह आपलाच म्हणावा तर तसंही नाही. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलला ह्यू ओवेन थॉमस नावाचा डॉक्टर होता, हाडवैद्यांच्या घराण्यातला. दुखऱ्या सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती हवी, हे त्याचं ब्रीद. त्याच्या नावाची थॉमस स्प्लिंट, म्हणजे पाय स्थिर धरणारा सांगाडा, मांडीच्या फ्रॅक्चरला आजही वापरतात. त्याच काळात पॅरिसमध्ये ल्युका-शाँपिओन्येर नावाचा सर्जन लवकर हालचाल करा म्हणत होता. पुढे १९५८मध्ये स्वित्झर्लंडच्या काही सर्जनांनी 'एओ' हा गट काढला आणि हाड इतकं घट्ट बसवा की सांधा लगेच हलवता येईल, हा विचार रुजवला. म्हणजे आमच्या ग्रुपवरचं भांडण युरोपातल्या डॉक्टरांनी आधीच भांडून झालेलं आहे.

मग इकडचं सगळं उत्तम? छे. इथे स्वावलंबनाचं कौतुक फार, पण दोन्ही हातांत कुबड्या असल्या की चहाचा कप ओट्यावरून टेबलापर्यंत नेता येत नाही. मी ओट्यापाशी एका पायावर उभी राहून चहा प्यायचे. हिंडणं-फिरणं आपोआप झालं, कारण उठून द्यायला दुसरं कोणी नव्हतंच. त्याला मी पद्धत म्हणणार नाही. फिजिओ पंधरा दिवसांतून अर्धा तास भेटायची, हातात व्यायामांचा कागद द्यायची. दिवसातून तीनदा, प्रत्येकी दहा वेळा. तिसरी खेप मी बुडवायचे. कोण बघतंय? पाचव्या आठवड्यात गुडघा वाकवताना ६५ अंशांवर अडकला. सपाट रस्त्यावर चालायला तेवढं जेमतेम पुरतं, खुर्चीतून नीट उठायला नव्वदच्या पुढे लागतं, जमिनीवर बसायला १२०च्याही पुढे.

हे मी आईला सांगितलं आणि तिचा पक्षच बदलला. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावून ती मोजायला बसू लागली. मी टाच सरकवायची, तिने आकडे म्हणायचे. सुरुवातीला माझं तोंड वाकडं झालं की सातवरून एकदम दहा म्हणायची. आता म्हणत नाही.

काल तिने विचारलं, "किती झाले?"

"एकशे दहा."

"परवाही एकशे दहाच होते. कागद काढ बघू."