हा कुठला रंग, सांग बरं!

रंग ओळखताना आपला घोळ होतो, हे चारचौघांत कबूल करू नये. ‘मला लाल-हिरव्यातलं जरा कमी कळतं’ असं म्हणायचा अवकाश, समोरचा हाताला लागेल ती वस्तू उचलून नाकासमोर धरतो. ‘हा कुठला रंग, सांग बरं!’ पेनाचं टोपण, उशीचा अभ्रा, स्वतःचा शर्ट. बरोबर सांगितलं तर ‘उगाच नाटकं करतोस’, चुकलं तर पुढची वस्तू.

‘म्हणजे तुला सगळं जुन्या सिनेमासारखं दिसतं?’ हाही प्रश्न ठरलेला. नाही हो! निळं, पिवळं झकास दिसतं. रंग टिपणाऱ्या शंकूपेशी तीन जातींच्या. त्यातली एक जात माझ्याकडे कामचुकार निघाली, इतकंच. चार्जरवरचा दिवा आधी लाल असतो आणि मग हिरवा होतो म्हणे. मला तो फक्त पेटलेला दिसतो.

डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांची इशिहारा चकती पुढे केली. मी छातीठोकपणे म्हणालो, २१. इतरांना तिथे ७४ दिसतात. पण लाल-हिरव्याचा घोळ असणाऱ्यांना २१ दिसतात, हेही त्या पुस्तकात लिहिलेलं असतं. माझी चूक छापील निघण्याची ही पहिलीच वेळ.

अणुसिद्धांतवाले जॉन डाल्टन माझ्याच पंगतीतले. जिरॅनियमचं गुलाबी फूल त्यांना दिवसा निळं दिसे आणि मेणबत्तीच्या उजेडात तांबडं. ओळखीपाळखीत विचारलं, तर एका भावालाच तसं दिसत होतं. १७९४ साली त्यांनी यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातलं पाणीच निळं असणार, असा त्यांचा कयास. मेल्यावर डोळा कापून बघा, असंही सांगून ठेवलं. १८४४ साली बघितलं. पाणी नितळ! मग जपून ठेवलेल्या डोळ्यातला डीएनए १९९५ मध्ये तपासला, तेव्हा कळलं की हिरव्याकडचं रंगद्रव्यच नव्हतं. म्हणजे ‘हा कुठला रंग’ने मेल्यावर दीडशे वर्षं त्यांचाही पिच्छा सोडला नाही.

‘आमच्या माहेरी असलं काही नाही,’ आई ठासून सांगते. पण हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो आणि मुलाला एक्स मिळतो तो आईकडूनच. हे समजल्यापासून बाबा फार खूश असतात. शिवाय माहेरी मामा आहे. अख्खं घर त्याला वेंधळा म्हणतं.

परवा मामी त्याच्यावर कडाडली, ‘एक मोजा शेवाळी, एक तपकिरी! लोक काय म्हणतील?’ मामाने दोन्ही पाय माझ्यापुढे केले. ‘तूच सांग रे बाबा.’

मी खाली बसलो, खिडकीच्या उजेडात मोजे नीट निरखले, आणि मामीला शपथेवर सांगितलं, एकाच जोडीतले आहेत.