खुलासा : केवळ इम्पॅक्ट फॅक्टरवरून नियतकालिके निवडू नयेत
विशेष ग्रंथालयाने (एखाद्या संस्थेच्या किंवा विषयाच्या गरजेपुरत्या ग्रंथालयाने) इम्पॅक्ट फॅक्टरच्या उतरत्या क्रमाने नियतकालिके घेतली की निवड वस्तुनिष्ठ होते, असा दावा सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे नियतकालिकात आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना चालू वर्षात मिळालेल्या संदर्भांची सरासरी असते, त्यामुळे गणितासारख्या विषयात, जिथे जुने लेखही दीर्घकाळ उद्धृत होतात, तो मुळातच कमी येतो. निवड विषयानुसार करण्याची पद्धत जुनीच आहे: १९२७ मध्ये ग्रॉस व ग्रॉस या दोन अभ्यासकांनी रसायनशास्त्राची नियतकालिके निवडण्यासाठी त्याच विषयाच्या एका प्रमुख नियतकालिकातील संदर्भ मोजले होते. आपल्या संशोधकांनी उद्धृत केलेले आणि बाहेरून मागवलेले लेख (ही मागणीची नोंद मला सर्वांत बोलकी वाटते) तपासल्याशिवाय कोणतीही वर्गणी बंद करू नये.