फट नसलेला रूळ उन्हात वाकतोच, हे खरं नाही

उन्हाळा लागला की सोलापुरात हा मेसेज फिरतो: "पूर्वी दोन रुळांत फट असायची, आता सलग वेल्डिंग करतात. ४३ अंशांत लोखंडाला फुगायला जागाच नाही, रूळ वाकणार." यातलं सलग वेल्डिंग होतं आणि लोखंड फुगतं, एवढंच खरं आहे.

"फट हवीच." १३ मीटरचा रूळ ४० अंशांनी तापला तर सुमारे ६ मिलिमीटर लांबतो. फिशप्लेटच्या (दोन रूळ बोल्टने जोडणाऱ्या पट्टीच्या) सांध्यात फट असते ती त्यासाठीच. पण तिच्यावर प्रत्येक चाक आदळतं, रुळाची टोकं चेपतात, बोल्टच्या भोकांपासून तडे जातात. सांधा गंजून जाम झाला, तर फट दिसत असूनही निकामी असते. सलग रुळाच्याही दोन्ही टोकांना तिरका, सरकता सांधा असतोच.

"जागा नाही, म्हणून वाकणार." खरी चूक इथे आहे. एक किलोमीटर मोकळा रूळ ३० अंशांनी तापला तर ३४५ मिलिमीटर लांबेल. पण सलग रुळाचा मधला भाग क्लिपा, रुळाखालचे आडवे स्लीपर आणि खडी यांनी धरलेला असतो. तो सरकत नाही. न झालेली लांबी दाब होऊन रुळातच राहते. मीटरला ६० किलोच्या रुळात हा दाब दर अंशाला जवळपास १.९ टन असतो. पोलाद तो सहज पेलतं.

शिवाय अंश मोजायचे ते रूळ ज्या तापमानाला ताणमुक्त (आत ना ओढ, ना दाब) करून आवळला तिथून. क्लिपा काढून, रूळ रोलरवर मोकळा करून, ठरलेल्या तापमानाला पुन्हा आवळतात. समजा ते ४० आहे आणि भर दुपारी रूळ ६२ ला गेला, तर फरक फक्त २२ अंशांचा, म्हणजे सुमारे ४१ टन. काम करताना रूळ ठरलेल्या तापमानाहून १० अंश थंड असेल, तर ५०० मीटरला ५७ मिलिमीटर पुलरने (रूळ ओढायच्या यंत्राने) ओढून मग आवळायचा.

"म्हणजे रूळ वाकतच नाहीत?" वाकतात, पण कारण वेगळं. रूळ आडवा सरकू न देण्याचं काम खडी करते: स्लीपरमधली आणि टोकांबाहेरच्या खांद्याची. खांदा ढासळला किंवा खडी नुकतीच उकरली असेल, तर पकड घटते. म्हणूनच कडक उन्हात खडी हलवणारी कामं टाळतात आणि अशा कामानंतर गाड्यांचा वेग कमी ठेवतात.

दुसरं कारण सहज नजरेतून सुटतं. हिवाळ्यात रूळ तुटला की आकसून भेग रुंदावते. दुरुस्तीत काढलेल्यापेक्षा जास्त पोलाद बसलं, तर ताणमुक्त तापमान खाली येतं. ते १० अंशांनी उतरलं तर मे महिन्यात त्याच रुळावर जवळपास १९ टन जादा दाब येतो. म्हणून कापण्यापूर्वी दोन्ही बाजूंना खुणा करून अंतर मोजायचं, वेल्डसाठी सोडायच्या फटी धरून तुकड्याचा हिशेब जुळवायचा आणि उन्हाळ्याआधी तो भाग पुन्हा ताणमुक्त करायचा.