बिनवायरीचा बाजा

गेल्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत मी माउथऑर्गन वाजवता वाजवता भावनेच्या भरात दोन पावलं पुढे गेलो आणि माझ्यामागोमाग आरतीचं तबक, उदबत्तीचं घर आणि निवेदिकेचा उजवा पाय असा सगळा लवाजमा निघाला. माईकच्या वायरीचा विळखा. तबक पडलं, निवेदिका वाचली. पुढच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी विषय काढलाच, “यांना एकतर बसवा, नाहीतर कॉर्डलेस द्या.”

बसून वाजवायला मी पेटीवाला नाही. (हार्मोनिका म्हटलं की आमच्याकडे अजूनही पेटी उचलायला दोन पोरं पाठवतात, म्हणून मी आपलं माउथऑर्गनच म्हणतो.) माईक समोर उभा करून वाजवला तर वायरीची कटकट नाही हे खरं, पण मला लागण झाली आहे ती शिकागोची. तिथे लिटल वॉल्टर नावाच्या पठ्ठ्याने साधासा माईक माउथऑर्गनसकट ओंजळीत दाबला, गिटारच्या अॅम्प्लिफायरला जोडला आणि १९५२ साली ‘ज्यूक’ नावाची धून गाजवली. आवाज असा की माउथऑर्गन आहे की सॅक्सोफोन, कळू नये. त्यासाठी लागतो ओंजळीत मावणारा, फुगीर बुलेट माईक. शुअर कंपनीचा ‘ग्रीन बुलेट’ १९४९पासूनचा आहे. माझा त्याच घाटाचा, जुन्या बाजारातला, नाव पुसून गेलेला. लांबून बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस दोन्ही हातांत वडापाव लपवून खातोय.

फर्माईश मात्र ठरलेली. भानू गुप्तांनी १९७५ साली ‘शोले’साठी जे वाजवून ठेवलं, ते आम्हा सगळ्या माउथऑर्गनवाल्यांच्या मानगुटीवर बसलंय. असो.

तर मी बुलेट पिशवीत घालून मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेलो. या रस्त्याचं नाव भडकमकर मार्ग होऊन जमाना झाला, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा.

“भाषणाला पाहिजे की गाण्याला?” दुकानातल्या मुलाने विचारलं. त्याच्या एका हातात सोल्डरिंगची गन, दुसऱ्यात कटिंग.

“माउथऑर्गनला.”

त्याने कटिंग खाली ठेवला. माझा बुलेट उलटासुलटा केला, मीटर लावला आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसा आवाज खाली आणून म्हणाला, “काका, हा हाय इम्पीडन्स आहे. म्हणजे सिग्नलला याचा अडथळा जास्त.”

“मग?”

“गायकांचे माईक लो इम्पीडन्स असतात. त्यांचा ट्रान्समीटर, म्हणजे बिनवायरीने आवाज पाठवणारा डबा, याच्या बुडाला लावलात तर आवाजाला सर्दी होईल. मध्ये ट्रान्सफॉर्मर लागेल.”

त्याने तशी जोडणी करूनही दाखवली. बुलेट, त्याखाली ट्रान्सफॉर्मर, त्याखाली ट्रान्समीटर. मी ओंजळीत धरून तोंडाशी नेलं तेव्हा समोरच्या आरशात साक्षात मारुतीराय गदा चाटताना दिसले.

“दुसरं दाखव.”

“पॅक घ्या. हा कमरेला अडकवायचा आणि इथून बारीक वायर माईकपर्यंत.”

“म्हणजे वायर आहेच.”

“थोडीच आहे, काका.”

शेवटी त्याने गिटारवाल्यांचा बग काढला. आगपेटीपेक्षा थोडा मोठा, पिन थेट माईकच्या जॅकमध्ये, दुसरा तुकडा अॅम्प्लिफायरला. गिटारसाठी बनवलेला, त्यामुळे त्याला हाय इम्पीडन्सच चालतो. डिजिटल, दोन पूर्णांक चार गिगाहर्ट्झ. “फक्त आवाज चार-पाच मिलीसेकंद उशिरा येतो,” तो चाचरत म्हणाला. तीस वर्षं मध्य रेल्वेने ऑफिस गाठलेल्या माणसाला हा उशीर सांगतोय! त्यावर त्यानेच समजूत घातली की, हवेतून एक मीटर जायलाच आवाजाला तीन मिलीसेकंद लागतात, तेव्हा स्पीकर दीड मीटर मागे ठेवलाय असं समजा. हे मला फार आवडलं. गिऱ्हाइकाचं समाधान कसं करावं ते या रस्त्यावर येऊन शिकावं.

एकच अडचण. माझ्या बुलेटला जॅक नव्हता, अंगातूनच निघालेली वीस फूट वायर होती. म्हणजे वीस फूट वायरीच्या टोकाला वायरलेस. “कापू?” त्याने विचारलं. बाळाचे कान टोचताना आई पाठ फिरवते, तसा मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. वळलो तेव्हा वीतभर वायर शिल्लक होती.

दुकानात वाजवून बघितलं तर सूर तुटत होते. “इथे पन्नास राउटर चालू आहेत काका, घरी मस्त वाजेल.” बरोबरच होतं. लॅमिंग्टन रोडवर वायफायच्या फ्रीक्वेन्सीची चाचणी घेणं म्हणजे पहाटे दादरच्या फुलबाजारात ध्यानाला बसणं.

घरी मस्त वाजलं. बायकोने मायक्रोवेव्हमध्ये आमटी ठेवेपर्यंत. तो ओव्हनही त्याच दोन पूर्णांक चारवर घरघरतो हे मला तेव्हा कळलं. “तुझं होईपर्यंत थांबतो,” मी म्हणालो. “तुमचं होईपर्यंत आमटी थांबवू का?” ती म्हणाली. तीन आठवडे मी कुकरच्या वेळेत रियाझ केला.

गणपतीचा चौथा दिवस. मांडवात अडीचशे माणसं म्हणजे अडीचशे मोबाईल, वर चारही विंगांची वायफाय. बगने पहिल्याच सुराला मान टाकली. साऊंडवाला धावत आला आणि निवेदिकेच्या हातातला कॉर्डलेस माझ्या हातात कोंबून म्हणाला, “काका, हाच घ्या, बिनधास्त.”

आता, या दांडीवाल्या माईकची एरियल बहुतेक वेळा शेपटीत असते. निवेदिका तो मधोमध धरते. मी धरला शिकागोछाप, तळवा शेपटीवर दाबून. आणि मी डोळे मिटून एक लांब, रडका सूर खाली ओढायला घेतला, तोच स्पीकरमधून एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली, “टू लिटल डक्स, ट्वेंटी टू!”

भिंतीपलीकडच्या सोसायटीत हाऊजी चालू होती. साऊंडवाला दोन्हीकडे तोच, आणि त्याचे स्वस्तातले दोन्ही सेट एकाच फ्रीक्वेन्सीचे. ज्याचा सिग्नल जोरकस, त्याचा आवाज. मी हात सैल सोडला की मी, दाबला की ती बाई. भावना जितकी खोल, तितके आकडे स्पष्ट.

थांबावं असं वाटत होतं, पण पहिल्या रांगेत तीन नंबरच्या आजी मांडीवर कागद ठेवून पेन्सिलीने काहीतरी टिपत होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच माझं वाजवणं कुणीतरी लिहून घेत होतं. मग मी थांबलो नाही. हात घट्ट दाबून, घामाघूम होत, अख्खी धून पूर्ण केली. शेवटच्या सुरावर बाई म्हणाली, “सिक्स अँड सेव्हन, सिक्स्टी सेव्हन.”

आजी ताडकन उठल्या, कागद उंच धरला आणि भिंतीकडे तोंड करून ओरडल्या, “टॉप लाइन!”