बंदूक भरायला वेळ लागतो, तो वेळ दाखवा ना

मालिका असो, कादंबरी असो नाहीतर आम्ही मित्रमंडळी वीकेंडला टेबलटॉप रोलप्लेइंग खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन गोष्ट रचायचा खेळ, ते असो, गोष्टीत बंदूक आली की सगळीकडे तेच, उचलली, झाडली, परत झाडली. शिवकाळातला शिपाई तोड्याची बंदूक खांद्याला लावतो, धडाम, आणि पुढच्याच शॉटला तीच बंदूक परत धडाम. मधे काहीच नाही. मला याचा खरंच त्रास होतो, आणि तो फक्त इतिहासाची चूक झाली म्हणून नाही, त्या मधल्या वेळात जी गोष्ट घडू शकते ती आपण चक्क फेकून देतोय म्हणून होतो.

तोड्याची बंदूक म्हणजे काय प्रकरण होतं बघा. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, गज काढून जागेवर ठेवायचा, मग बाजूच्या छोट्या खोबणीत रंजक, म्हणजे बार पेटवायची थोडी दारू, भरायची, आणि हे सगळं करताना हाताशी सोऱ्यात भिजवून वाळवलेली दोरी, म्हणजे तोडा, पेटता असतो, म्हणजे दारू आणि विस्तव एकाच माणसाजवळ. चाप ओढला की तोडा रंजकीवर टेकतो आणि मग बार. सरावलेल्या माणसाला सुद्धा पुन्हा भरायला साधारण अर्धा मिनिट ते मिनिटभर जाणार. आणि भरधाव घोडा शंभर मीटर दहाएक सेकंदात कापतो. म्हणजे समोरून घोडदळ येतंय आणि तुम्ही बार चुकवलात तर दुसरा बार नाहीच, बंदूक टाकून तलवारीला हात घालायचा. हे लिहा ना! एकच बार आहे आणि तो कधी टाकायचा, लवकर टाकला तर लागत नाही, उशीर केला तर घोडा अंगावर. यापेक्षा जास्त जीव टांगणीला लावणारं काय पाहिजे?

रात्रीचा छापा घ्या. दबा धरून बसलेत पण तोडे पेटते ठेवावे लागतात, त्याचं निखाऱ्यासारखं टोक अंधारात दिसतं, वास लांब जातो, आणि दोरी हळूहळू जळत संपत असते. म्हणजे थांबायला सुद्धा मर्यादा आली. आणि पाऊस? जुलै 1660, पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे निघालेली ती रात्र, आषाढातला सह्याद्रीचा पाऊस. त्यात तोडा पेटता आणि रंजक कोरडी ठेवणं हीच एक लढाई झाली असती. घोंगडीखाली तोडा जपत पळणारा एक माणूस कुणी लिहिला तर मी ते पुस्तक रांगेत उभं राहून घेईन.

हे आपल्या लोकांना माहीत नव्हतं असं अजिबात नाही. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र वाचा, गडावरच्या दारूखान्याबद्दल किती बारीक सांगितलंय, दारूखाना राहत्या घरांजवळ नको, ओल लागू द्यायची नाही, आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने, म्हणजे गडावरच्या अधिकाऱ्याने, स्वतः दारू बाहेर काढून ऊन द्यायचं आणि परत मोहोर करून ठेवायची. आता विचार करा, एका हवालदाराने पावसाळ्यानंतर हे काम टाळलं, वेढा पडला आणि बार फुसके निघाले. अख्खी कादंबरी आहे यात, फितुरी पण नको, एक आळशी माणूस पुरे.

रोलप्लेइंगमध्ये तर हे करायला पैसे पण लागत नाहीत. डंजन्स अँड ड्रॅगन्स या त्यातल्या प्रसिद्ध खेळात लढाईचा एक राउंड, म्हणजे सगळ्यांची एकेक खेळी, सहा सेकंदांचा धरतात. त्या हिशोबाने तोड्याची बंदूक भरायला पाच ते दहा राउंड जायला हवेत, पण लोक म्हणतात छे, बोअर होईल. मी आमच्या मराठेशाहीतल्या खेळात गेम मास्टर (खेळ चालवणारा) म्हणून तसंच ठेवलं, आणि बोअर सोडा, टेबलवरचं वातावरणच बदललं. एक जण भरतोय, दुसरा ढाल घेऊन त्याच्यापुढे उभा, तिसरी ओरडतेय झाला का रे, आणि डाइस हातात घेऊन सगळे गप्प. आधी बंदूक म्हणजे धनुष्यापेक्षा जास्त डॅमेज देणारी वस्तू होती, आता तिच्यासाठी प्लॅन करतात, आभाळ कसं आहे विचारतात.

हल्लीच्या काळातल्या क्राइम कथांचंही तेच. रिव्हॉल्व्हर झाडलं आणि रिकाम्या पुंगळ्या (काडतुसांची कवचं) जमिनीवर पडल्या, असं अजूनही लिहितात. अहो पिस्तुलातून पुंगळी बाहेर उडते, रिव्हॉल्व्हरमध्ये ती सिलिंडरमध्येच राहते, म्हणजे पंचनाम्यात पुंगळी सापडली की नाही यावरून तपास कुठे जाईल हे ठरतं, आणि लेखकाने तोच धागा हातचा घालवला. सायलेन्सर लावला की फुस्स, हे पण तसंच. गोळीचा आवाज साधारण 140 डेसिबलच्या वर जातो, सायलेन्सर त्यातले वीस-तीस कमी करतो, शेजाऱ्याला जाग येणार म्हणजे येणार. आणि बंद खोलीत बार झाल्यावर लगेच लांबलचक डायलॉग! कानात शिट्टी वाजत असते, समोरचा काय बोलतोय ऐकू येत नाही.

मी कोकणात आमच्या नात्यातल्या एका आजोबांना ठासणीची बंदूक भरताना जवळून बघितलंय. परवान्याची, शेतात डुक्कर येतात म्हणून ठेवलेली. दारू ओतली, काथ्याचा बोळा गजाने ठासला, छर्रे, परत बोळा, आणि अगदी शेवटी ती इवलीशी केप, घोडा आपटला की ठिणगी देणारी टोपी, बसवली. केप बसवेपर्यंत गप्पा चालू होत्या, बसवल्यावर आजोबा एकदम गप्प झाले आणि आम्हा सगळ्यांना हाताने मागे सारलं. बंदुकीची भीती कशी दिसते ती मला तिथे दिसली. पडद्यावर हीरो भरलेलं पिस्तूल हातात घेऊन त्याच हाताने डोकं खाजवतो तेव्हा मला आजोबांचा तो हात आठवतो.

काही जण म्हणतात वाचकाला काय पडलंय, त्याला गोष्ट हवी. मान्य, आणि मी मॉडेल नंबर आणि कॅलिबरच्या याद्या मागतच नाहीये, त्या याद्यांनी पानं भरणारे लेखक पण मला नको वाटतात. वजन, वेळ, आवाज, धूर आणि किती गोळ्या उरल्या, एवढं सांभाळा. वाचकाला बंदूक माहीत नसली तरी भीती खरी आहे की नाही हे बरोब्बर कळतं.

आणि कुणी लिहिणारं असेल तर एक विषय घ्या. निवडणूक लागली की बऱ्याच जणांना परवान्याच्या बंदुका पोलीस स्टेशनला जमा कराव्या लागतात. कोकणातल्या शेतकऱ्याची पण जाऊ शकते, आणि डुकरांना आचारसंहिता माहीत नसते, भात उभं असेल तर एका रात्रीत लोळवतात. गावातल्या बंदुका जमा झाल्यात, एकाने केली नाहीये, आणि रात्री शेताकडून एक बार ऐकू येतो. सकाळी पोलीसपाटील कुणाच्या दारात जाईल? लिहिलंत तर मला टॅग करा, नक्की वाचणार.